खुडूक कोंबडी, गंजलेला नट आणि मुरूडचे कर्वे

खुडूक बसलेल्या, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडलेल्या, कोंबडीइतका हट्टी जीव मी दुसरा पाहिलेला नाही. एरवी हात पुढे केला की पंख फडफडवत अंगणभर पळणारी, घारीच्या नुसत्या सावलीने आडोसा गाठणारी ही कोंबडी एकदा खुडूक झाली की खुराड्याच्या कोपऱ्यात अंग पसरून बसते आणि उचलून बाहेर ठेवली तरी थोड्या वेळात त्याच जागी परत येऊन बसते. जवळ हात नेला तर पिसे फुलवते, घशातून घोगरा आवाज काढते आणि चोच मारते. तिच्याखालची अंडी काढून घेतली तरी ती उठत नाही. रिकाम्या गवतावर, प्रसंगी एखाद्या गुळगुळीत गोट्यावरही, ती तशीच बसून राहते. कोकणातल्या आमच्या घरी कोंबड्या होत्या आणि अंडी बंद होणे परवडत नसल्याने घरातल्या बायका अशा कोंबडीला गार पाण्यात बुचकळून काढत किंवा टोपलीखाली कोंडून ठेवत. काही घरांत तिच्या नाकपुडीत पीस खोवण्याची रीत होती. ती मला लहानपणीही क्रूर वाटे आणि आजही वाटते.

त्या कोंबडीच्या शरीरात काय चाललेले असते हे मी बरेच पुढे वाचले, आणि त्यानंतर तिच्याकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढीव प्रमाणात स्रवू लागते, अंडी घालणे थांबते, छातीपोटाची पिसे झडून तिथली कातडी उघडी पडते आणि त्या कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगून ती जागा उष्ण होते, जेणेकरून अंगाची ऊब थेट अंड्यांना मिळावी. एकवीस दिवस ती जवळजवळ जागची हलत नाही. दिवसातून एखाद्या वेळी काही मिनिटांसाठी उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते, विष्ठा टाकते आणि धावत परत येते. अंडी चोचीने फिरवत राहते आणि या काळात तिचे वजन घटते. तिच्याखाली बदकाची अंडी ठेवली तर ती अठ्ठावीस दिवसही बसते. म्हणजे ज्याला आपण हेका म्हणतो ते तिच्या बाजूने पाहिले तर तिच्या सगळ्या शरीराने एका कामासाठी केलेली तयारी असते, आणि खाली अंडी आहेत की गोटा आहे एवढाच तपशील तिला कळत नाही. गार पाण्याच्या उपायातही अर्थ आहे, कारण पोटाखालची ऊब मोडली की खुडूकपणा उतरू लागतो. आजचे कुक्कुटपालक त्यासाठी तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवतात, जिथे खालून वारा लागतो. पांढऱ्या लेगहॉर्नसारख्या अंड्यांसाठी जोपासलेल्या जातींमधून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून हा गुण जवळजवळ नाहीसा केला आहे. असील कोंबडीत तो भरपूर उरला आहे, आणि कडकनाथ अंड्यांवर नीट बसत नाही म्हणून तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली उबवायला ठेवतात. हट्ट काढून टाकला की उबवणी यंत्राकडे द्यावी लागते, ही गोष्ट मला फार विचार करायला लावणारी वाटते.

कोंबडीविषयी एवढे विस्ताराने लिहिले, कारण हट्टी हे विशेषण आपण ज्याला देतो त्याच्या आत बहुधा काहीतरी घट्ट धरलेले असते आणि ते काय आहे हे पाहायची आपली तयारी नसते, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. नाव ठेवणाऱ्याला घाई असते आणि ज्याला नाव ठेवले जाते त्याला कारण असते.

गाढवाचीच गोष्ट घ्या. आडमुठेपणाचे सगळे शिव्याशाप आपण त्याच्या पदरात टाकले आहेत. पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो. वडार, कैकाडी, कुंभार, बेलदार, परीट अशा समाजांतले लोक लांबून येतात, गावरान आणि काठेवाडी गाढवांची खरेदी-विक्री होते, आणि तोंड उघडून दातांवरून दुवान, चौवान, अखंड असे वय ठरवून किंमत बोलली जाते. ज्यांची पोटे या जनावरावर अवलंबून असतात त्यांच्याशी बोलले तर ते गाढवाला मूर्ख म्हणत नाहीत. ते म्हणतात, त्याला शंका आली की ते थांबते. यामागचे कारण आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या उजाड, खडकाळ प्रदेशात आहे, जिथे गाढवाचे रानटी पूर्वज राहत आणि जिथून माणसाने सुमारे सात हजार वर्षांपूर्वी त्यांना माणसाळवले. घोड्याचे पूर्वज मोकळ्या गवताळ मैदानांत कळपाने राहत, त्यामुळे धोका दिसताच सगळ्यांनी मिळून उधळणे हा त्यांचा बचाव होता. गाढवाच्या मुलखात चारा इतका विरळ की मोठे कळप पोसलेच जात नसत. एकट्यादुकट्या जनावराने दगडधोंड्यांतून आंधळेपणाने धाव घेणे म्हणजे पाय मोडून घेणे होते. म्हणून ते जागीच उभे राहते, कान वळवते, वास घेते, समोरचे जोखते आणि खात्री पटेपर्यंत पाऊल टाकत नाही. पाण्याचे डबके दिसले की गाढव अडते ते यामुळेच, कारण त्याची खोली त्याला कळत नाही. मागून काठी बसली की धोका दोन्हीकडून आहे एवढेच त्याला समजते आणि ते अधिकच घट्ट उभे राहते. त्याला वाट हुंगू दिली, किंवा त्याच्या ओळखीचे दुसरे गाढव पुढे नेले, तर तेच जनावर पाठीवर विटांचे ओझे घेऊन मुकाट्याने चालू लागते. दुखणे अंगावर काढायचीही त्याची सवय आहे. आजारी गाढव घोड्यासारखे लोळत किंवा तडफडत नाही, नुसते मलूल होते आणि खाणे कमी करते, आणि त्यामुळे पुष्कळदा उपचाराला उशीर होतो. ज्याला आपण अडेल म्हणून मारतो ते जनावर कदाचित त्या दिवशी पोटदुखीने उभे असते, हा विचार मनात आला की मला अतिशय वाईट वाटते.

निर्जीव वस्तूंना तर हेतू नसतो, तरीही त्यांच्याशी झगडताना माणूस त्यांना हट्टी म्हणतोच. गंजून जाम झालेला नट हा त्यांचा मुकुटमणी. पाना लावून कितीही जोर केला तरी तो तसूभर हलत नाही, आणि जोर आणखी वाढवला तर नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो किंवा बोल्टच मधून तुटतो. कारण साधे आहे. लोखंडाचा गंज होतो तेव्हा त्याला मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक जागा लागते, आणि नट-बोल्टच्या आट्यांमध्ये तशी मोकळी जागा नसल्याने तो गंज आतल्या आत पाचरीसारखा ठासून बसतो. चांगला मेकॅनिक अशा नटाशी झटापट करत नाही. तो आट्यांवर डिझेल किंवा गंज सोडवणारे पातळ तेल सोडतो आणि काम दुसऱ्या दिवसावर ठेवतो, कारण ते तेल केसाएवढ्या फटींतून आपोआप आत ओढले जायला वेळ लागतो. मग हातोडीने हलके ठोके देऊन गंजाची पकड खिळखिळी करतो. गरज पडली तर नटाला आच देतो, म्हणजे तो प्रसरण पावून बोल्टापासून किंचित सुटतो. त्यानंतर तो नट आधी थोडा आवळतो आणि मगच सैल करतो, आणि या शेवटच्या कृतीत मला कायम एक शहाणपण दिसले आहे. ज्या दिशेला त्याला जायचे नाही तिकडे ढकलण्यापूर्वी ज्या दिशेला तो आधीच वळलेला आहे तिकडे त्याला थोडे जाऊ द्यायचे, म्हणजे गंजाचा थर तडकतो आणि पुढचे काम सोपे होते.

स्वयंपाकघरातही असे हट्टी पुष्कळ आहेत. एकात एक अडकलेले स्टीलचे दोन पेले ओढून निघत नाहीत. आतल्या पेल्यात गार पाणी भरून बाहेरचा पेला गरम पाण्यात धरला की ते आपण होऊन सुटतात. हळदीचा डाग साबणाने घासला की जाण्याऐवजी लालसर होतो, कारण हळदीतले कर्क्युमिन क्षाराच्या संगतीत रंग बदलते आणि पाण्यात फारसे विरघळतही नाही. तोच कपडा ओला करून उन्हात टाकला तर डाग फिकट होत जातो, कारण सूर्यप्रकाशात कर्क्युमिनचे विघटन होते. प्रेशर कुकरचे झाकण वाफ असताना उघडत नाही म्हणून कोणी वैतागत असेल तर त्याने एक हिशेब करून पाहावा. घरगुती कुकरमधला दाब शिट्टीच्या वेळी बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोने जास्त असतो, आणि २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे त्या झाकणाला आतून ३०० किलोंहून अधिक वजनाइतका रेटा बसत असतो. ते झाकण ज्या हट्टाने बंद राहते त्या हट्टावर आपले चेहरे आणि हात शाबूत राहिलेले आहेत.

माणसांकडे वळले की हे सगळे अवघड होते, कारण माणसाच्या आत काय धरलेले आहे हे ना सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ना हातोडीच्या ठोक्याने कळते. माझी एक मावशी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात एकटी राहते. तिची मुले ठाण्याला असतात, चांगली आहेत, तिला मनापासून बोलावतात आणि दर पावसाळ्यापूर्वी तोच वाद होतो. घर जुने, कौले दर वर्षी परतावी लागतात, वीज जाते, डॉक्टर लांब, आणि ती हटून बसलेली. सगळ्या घराने तिला हेकट ठरवले आहे. मी तिला एकदा विचारले, “मावशी, तू तिकडे जायला इतकी का तयार नाहीस?” ती म्हणाली, “अरे, इथे रात्री दिवे गेले तरी मला मोरीपर्यंत चालत जाता येते. तिकडे भर उजेडातही कोणीतरी हाताला धरते.” हे वाक्य मी तिच्या मुलांना सांगितले, तेव्हा काही वेळ कोणी बोलले नाही. इतक्या वर्षांत कौले, वीज, डॉक्टर आणि पाऊस या सगळ्यांवर वाद झाले होते, पण तिने धरून ठेवलेली गोष्ट तिची स्वतःच्या पायांवरची सत्ता होती आणि तिच्याविषयी कोणी शब्दही काढला नव्हता. ती अजून गावातच आहे. मात्र आता मोरीत धरायला दांडी बसवली आहे, आणि शेजारच्या मुलीने रोज संध्याकाळी डोकवायचे असे ठरले आहे, ज्याला मावशीने एका शब्दानेही विरोध केला नाही.

सगळ्याच माणसांच्या हट्टाखाली असे काही हाताला लागते, असे मात्र मी म्हणणार नाही. शेताच्या बांधावरून चालणारी भांडणे ज्यांनी जवळून पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. नांगरताना फाळ थोडा शेजाऱ्याकडे सरकतो, पुढच्या वर्षी आणखी थोडा सरकतो, बांध कोरला जातो, मग एक दिवस शिवीगाळ होते, पुढे मोजणीचा अर्ज, हद्दीचे दगड, ते दगड रातोरात हलवल्याचा आरोप, पोलीस ठाणे आणि दिवाणी दावा. दोन्ही बाजू बहुधा एकाच आजोबांची नातवंडे असतात. या हट्टालाही मुळात कारण आहेच. महाराष्ट्रात शेतकऱ्याची सरासरी जमीनधारणा १९७०-७१ च्या कृषी गणनेत ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली; जमीन अशी वाटण्यांनी तुकडे होत आटत चालली असताना वीतभर बांध हा नुसता वीतभर राहत नाही. पण दावा जसजसा जुना होतो तसतसे ते कारण विरून जाते आणि हट्ट तेवढा शिल्लक राहतो. ज्यांच्यात पहिली बाचाबाची झाली ते दोघे वारलेले असतात, वकिलांवर आणि तारखांवर झालेला खर्च त्या पट्टीच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेलेला असतो, आणि त्यांची मुले मुंबई-पुण्यात नोकरी करत असूनही सुट्ट्या काढून तारखेला हजर राहतात, कारण माघार घेतली तर वडिलांचा शब्द खाली पडेल असे त्यांना वाटते. इथे हट्टाखाली खणत गेले तरी फक्त दुसरा हट्ट सापडतो. राज्य शासनाने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली, जिच्यात एकमेकांच्या नावावरची जमीन बारा वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या ताब्यात असेल तर अदलाबदलीच्या दस्तासाठी १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी शुल्क एवढ्यावर काम होते. योजना चांगली आहे, कारण ती कोणालाही हरलो असे म्हणायला लावत नाही. दोघांनी एकाच वेळी सही करायची असते. अशा भांडणात माणसे जमिनीपेक्षा आपल्या नाकासाठीच लढत असतात, हे शासनाला उमगले याचे मला समाधान वाटते.

आणि मग मुरूडचे कर्वे. धोंडो केशव कर्वे कोवळ्या वयात एका परीक्षेसाठी दापोलीजवळच्या मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभरावर मैल डोंगर-घाट तुडवत पायी गेले, आणि तिथे वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. ते परतले आणि पुढे कोल्हापूरला जाऊन त्यांनी तीच परीक्षा दिली. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. मुरूडला जाणे म्हणजे आईवडिलांना अडचणीत टाकणे झाले. ते गावाशी भांडले नाहीत आणि आपला मार्गही त्यांनी सोडला नाही. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे पुण्याजवळच्या हिंगण्याला नेला, फर्ग्युसन महाविद्यालयात दिवसभर गणित शिकवून संध्याकाळी चिखलवाटेने हिंगण्याला पायी जात राहिले, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले आणि सत्तरी उलटल्यावर त्या विद्यापीठासाठी युरोप-अमेरिकेचा दौरा केला. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. हा हट्ट मृदू होता. ज्यांनी बहिष्कार घातला त्यांच्या दारातही ते वर्गणीसाठी जाऊ शकत.

त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांचा हट्ट वेगळ्या धातूचा होता आणि मला तो अधिक अस्वस्थ करतो. विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असताना त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले त्याच वर्षी. हा प्रचार थांबवा किंवा नोकरी सोडा असा प्रसंग आला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ पासून ते समाजस्वास्थ्य हे मासिक काढू लागले. लैंगिक आरोग्य, संततिनियमन आणि स्त्रीचे स्वातंत्र्य यांवर उघडपणे लिहिणाऱ्या या मासिकाला जाहिराती मिळेनात, वर्गणीदार मोजके, घर चालायचे ते पत्नी मालतीबाईंच्या आधारावर, आणि लेखन, संपादन, प्रकाशन आणि वाचकांच्या पत्रांना उत्तरे हे सगळे ते स्वतः करत. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि तरीही निकाल विरुद्ध गेला. मासिकाचा सूर एका अंकातही खाली आला नाही. वडिलांच्या कामाला देणग्या मिळाल्या, माणसे मिळाली, शेवटी देशाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. मुलाच्या कामाला यातले जवळजवळ काहीच मिळाले नाही आणि तरी ते सव्वीस वर्षे चालले, हे लक्षात घेतले की दोघांपैकी कोणाचा हट्ट मोठा या प्रश्नाचे माझे उत्तर ठरलेले आहे.

ज्या प्रचारापायी रघुनाथरावांची प्राध्यापकी गेली तोच १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून भारत सरकारने हाती घेतला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले, नोव्हेंबरचा अंक त्यांच्या मागे निघाला, आणि तो समाजस्वास्थ्याचा शेवटचा अंक ठरला.